सायकलची स्टील फ्रेम हाताने बनवायला शिकायचंय: सुरुवात कुठून करू?

आडवाट (सातारा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतोय, आज विचारतोच. मला सायकलची स्टीलची फ्रेम स्वतःच्या हाताने बनवायला शिकायचंय. धंदा करायचा नाही, निदान आत्ता तरी.

कारण साधं आहे. माझे पाय लांब आणि धड आखूड. दुकानातली फ्रेम घेतली की सीटची उंची जमते, पण हँडल लांब पडतं. आखूड स्टेम लावून भागवतोय, तरी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलफेरी) दीडशे किलोमीटरनंतर मान आणि खांदे भरून येतात. मला हवी ती सायकल अशी: ३२ मिलिमीटरचे टायर, पूर्ण मडगार्ड, पुढे बॅग, आणि दांडीची (सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) लांबी माझ्या अंगाला बेतलेली.

कॉलेजात असताना बाहा एसएईइंडियाच्या (विद्यार्थ्यांनी ऑफरोड गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये होतो. रोलकेजच्या (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) नळ्यांचं नॉचिंग, म्हणजे एक नळी दुसरीवर बसेल अशी खाच काढणं, मी करायचो, टिग वेल्डिंग मात्र बाहेरचा वेल्डर मारायचा. त्या वेळची ४१३० ची (क्रोमोली पोलाद) थोडी नळी अजून माळ्यावर पडून आहे, २५.४ मिलिमीटर व्यासाची, ०.८९ मिलिमीटर भिंतीची. ब्रेझिंग, म्हणजे नळ्या वितळलेल्या पितळी किंवा चांदीच्या रॉडने जोडणं, मी कधीच केलेलं नाही.

तर टिग शिकू की ब्रेझिंग? जिग (नळ्या मापात धरून ठेवणारा साचा) आधी बनवू की नंतर? पितळी रॉड की चांदीचा? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा.

पेडलभूत (ठाणे)

मी टिगच शिक म्हणेन. बाजारात येणाऱ्या बहुतेक स्टील फ्रेम टिगच्याच असतात, लग (नळ्यांची टोकं ज्यात बसतात त्या तयार खोळी) लागत नाहीत, फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारी पेस्ट) धुवायची भानगड नाही. तुझ्याकडे एमआयडीसीत वेल्डर ओळखीचे असतीलच. नॉच तू कर, वेल्ड त्यांच्याकडून मारून घे. एका महिन्यात सायकलवर बसशील.

टाकणखार (कोल्हापूर)

आडवाट, जिग, महागड्या नळ्या, डिझाइनचं सॉफ्टवेअर, यातलं काहीही आत्ता घेऊ नकोस. एक गॅसचा सेट, दोन-तीन चांगल्या कानशी आणि भंगारातल्या चार जुन्या सायकली एवढ्यावर पुढचे काही महिने निघतात. आणि सरावाचा प्रत्येक जोड उभा कापून आत बघायचा. बाकी काही विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

आमची उद्यमनगरात टूलरूम आहे. कार्बाइडच्या टिपा शँकला चांदीच्या रॉडने बसवायचं काम वडिलांच्या वेळेपासून चालतं. लेथवर एखादं टूल पहिल्याच जड कटाला टीप सोडून देतं, तेव्हा कळतं की जोड वरून चकचकीत होता आणि खाली निम्म्या जागेत पोचलाच नव्हता. फ्रेमकडे वळलो ते हे डोक्यात ठेवूनच. टूलची टीप सुटली तर जॉब खराब होतो, हँडलखालच्या हेडट्यूबचा जोड सुटला तर माणूस तोंडावर पडतो.

पेडलभूत यांचं म्हणणं खोटं नाही, टिगच्या फ्रेम उत्तम असतात. पण टिगमध्ये नळी स्वतः वितळते, म्हणजे पोलाद पंधराशे अंशांच्या घरात जातं. ०.८ च्या भिंतीवर हात जरा रेंगाळला की भोक. रोलकेज मारणारा वेल्डर जाड भिंतीवर बसलेल्या हाताने सायकलची नळी मारायला गेला तर काय होईल, तूच बघ. आणि वेल्ड दुसऱ्याने मारायचा असेल तर तू शिकलास काय?

ब्रेझिंगमध्ये नळी वितळत नाही, फक्त रॉड वितळतो. पितळी रॉड साधारण ८७० ते ९०० अंशांना, ५६ टक्के चांदीचा रॉड साडेसहाशेच्या आसपास. जोड परत तापवून सोडवता येतो, नळी बदलता येते. शिकणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही.

आता कामाचं. आधी भंगारवाल्याकडून जुनी काळी रोडस्टर आण, हीरो, ॲटलस, हर्क्युलिस, कुठलीही चालेल, लगवाली हवी. हॅक्सॉने हेडट्यूबचा खालचा जोड उभा काप. लगच्या आत पितळ कुठवर गेलंय ते दिसेल. कारखान्यात धडाधड निघालेला तो जोड वर्षानुवर्षं दुधाच्या किटल्या आणि गॅसच्या टाक्या वाहून नेतो. त्याच्याकडे नीट बघ, तुला गाठायची किमान पातळी ती.

मग सराव. भंगारातल्या नळीचा रंग जोडापासून चार बोटं मागेपर्यंत पूर्ण काढ, धातू पांढरा झाला पाहिजे. क्रोम केलेले भाग घेऊ नकोस. जीआय पाइप तर अजिबात नको, जस्ताचा धूर रात्री थंडी वाजवून ताप आणतो. एक नळी दुसरीला काटकोनात बसेल असा नॉच हाताने कानशीने काढ. कागदाचा साचा गुंडाळून खूण कर, हॅक्सॉने काप, मग अर्धगोल कानस. बाहामध्ये तुम्ही होलसॉने काढला असाल, तो पुढे वापर. पण हाताने चारदोन काढलेस की नळी कुठे टेकते आणि कुठे उचलते ते बोटांना कळायला लागतं. मागे बॅटरी धरून बघ, उजेडाची तिरीपसुद्धा आरपार येता कामा नये. लगच्या कामात चांदीसाठी फट ०.१ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी. फट मोठी असली की चांदी आत ओढली जात नाही, नुसती वर बसते.

आता ज्योत. ऑक्सिजन-ॲसिटिलीन चालेल, आम्ही एलपीजी-ऑक्सिजनवर करतो कारण ज्योत मऊ आणि पसरट असते. नोझल लहान, मी नळ्यांना ३ नंबर लावतो आणि बॉटम ब्रॅकेटला (क्रँकचा आस फिरतो तो भाग) ५. ज्योत न्यूट्रल, चांदीला ॲसिटिलीन किंचित जास्त. ॲसिटिलीनचा दाब १५ पीएसआयच्या वर कधीच न्यायचा नाही, सिलिंडर उभाच ठेवायचा, दोन्ही होजला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी आत जाऊ न देणारा), आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही. यात सूट नाही, भावा.

फ्लक्स हाच तुझा थर्मामीटर. आतून-बाहेरून लाव. तापायला लागला की आधी त्यातलं पाणी उडतं, तो फसफसून पांढरा फुगतो. इथे घाई केलीस तर तो पापडासारखा सुटून खाली पडतो आणि उघडं पडलेलं पोलाद काळवंडतं. सावकाश गेलास तर फुगलेला थर खाली बसतो, चिकट होतो, आणि मग एकदम पाण्यासारखा नितळ होऊन नळीवर पसरतो. चांदीच्या फ्लक्सला हे सहाशेच्या आसपास होतं, म्हणजे रॉड टेकवायला थोडीच कळ काढायची. शेडमधला दिवा मालवून काम कर. चांदीसाठी पोलाद अंधारात जेमतेम लाल दिसलं की बास. पितळासाठी त्याच्या बरंच पुढे, नारिंगीकडे झुकेपर्यंत.

रॉड ज्योतीत धरून वितळवायचा नाही. नळीच्या गरमीने वितळला पाहिजे. नळी गार असताना रॉड ज्योतीने वितळवला की त्याचा गोळा होऊन तो घरंगळतो किंवा वरच्या वर चिकटतो. बाहेरून छान दिसतो, आत काही नाही. रॉड नेहमी गरमीच्या मागे धावतो. लगच्या एका कडेला रॉड टेकव आणि ज्योत दुसऱ्या कडेकडे ने, तो आतून फिरून दुसऱ्या कडेला उगवतो. पहिल्यांदा ती बारीक चकाकती रेघ दुसऱ्या बाजूने बाहेर येताना बघशील ना, तेव्हा तुला मी काय म्हणतोय ते कळेल.

बॉटम ब्रॅकेटचं शेल जाड, नळी पातळ. ज्योत जास्त वेळ शेलवरच राहिली पाहिजे, नळी त्याच्या अंगच्या गरमीने तापते. नवा माणूस नेमकं उलट करतो कारण नळी लवकर लाल होते आणि डोळा तिकडे जातो. फ्लक्स काळा पडला, किंवा पितळातून पांढरा धूर निघायला लागला, तर थांब. जास्त तापलंय, पितळातलं जस्त उडतंय. गार होऊ दे, गरम पाण्यात भिजवून फ्लक्स काढ, घास, पुन्हा नव्याने. जळलेल्या फ्लक्सवर रॉड ओतत बसणं म्हणजे रॉड वाया.

शिकताना पितळ घे. स्वस्त आहे, आणि पितळ जमलं की चांदीला हात लवकर वळतो. चांदीचे रॉड घेशील तेव्हा पाकिटावर कॅडमियम लिहिलंय का बघ. असेल तर दुकानातच परत दे, तो धूर फुप्फुसांना घातक. चांदीच्या फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं, त्यामुळे शेड उघडी आणि पंखा धूर तोंडापासून बाजूला नेईल असा.

रेनॉल्ड्स कंपनीने १९७०च्या दशकात ७५३ नावाची फार पातळ, उष्णतेला नाजूक नळी काढली. ती विकत मिळायला फ्रेमवाल्याला आधी नमुन्याचा जोड करून कंपनीकडे पाठवावा लागे. तिथे तो मोडून तपासायचे, आणि पास झाला तरच नळ्या. वीस-वीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसांनाही हाच नियम. आपण तर नवे. आपले जोड आपणच मोडून बघायचे.

आडवाट (सातारा)

काका, फार आभार. हे सगळं एका जागी मला कुठे मिळालं नव्हतं. या रविवारी भंगारात जातो. आणखी विचारतो, कंटाळू नका. माझ्याकडची ०.८९ ची नळी फ्रेमला चालेल का? चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) पण स्वतः करू का? आणि जिगशिवाय फ्रेम सरळ कशी येणार? आमच्या कारखान्यात सरफेस प्लेट (मापं घ्यायचा अगदी सपाट पाट) आहे, सुट्टीच्या दिवशी वापरू देतील.

निर्मळ (ब्रिस्टल)

मी इथे इंग्लंडमध्ये एक आठवड्याचा फ्रेमचा कोर्स केला होता, म्हणून लिहिते. माझी उंची कमी, मला सातशेच्या चाकावर पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागायचा, त्यामुळे जरा लहान, ६५०बी चाकांची फ्रेम हवी होती.

कोर्सचा खरा फायदा मागे उभ्या असलेल्या माणसाचा. माझे गुरुजी जवळजवळ काहीच बोलायचे नाहीत, फक्त "हलव" म्हणायचे. मी ज्योत एका जागी धरून ठेवत होते, वितळलेल्या पितळाकडे बघत बसायचे. ते "हलव" म्हणाले की ज्योत पुढे जायची. सुरुवातीला नुसते टी-जोड, फिलेटचे. चांगला फिलेट म्हणजे नळी नळीला मिळते तिथे पितळाचा गुळगुळीत उतार, जेवढा कमी घासावा लागेल तेवढा चांगला. माझा इतका ओबडधोबड होता की पुढे घरी येऊन कानशीने घासण्यातच कितीतरी संध्याकाळी गेल्या, आणि घासताना नळीला कानस लागू नये म्हणून जीव मुठीत. पातळ नळीवर कानशीचा चर गेला की तिथूनच तडा सुरू होतो.

पण काकांशी मी सहमत आहे. आठवड्यात फ्रेम घेऊन घरी जाता येतं, हात घेऊन नाही. नेमकं मापन, सरळपणा तपासणं, हे बरंचसं गुरुजींनीच केलं. माझ्या बरोबरच्यांपैकी ज्यांनी परत दुसरी फ्रेम बनवली ते सगळे आधीपासून घरी काहीतरी धातूकाम करणारे होते. कोर्सचा आणि विमानाचा खर्च करून येण्यापेक्षा आधी घरी हात बसव. पुढे कधी आलास तर मग त्या आठवड्याचं सोनं होईल.

आणि मुलींसाठी, कमी उंचीच्यांसाठी हे आणखी मोलाचं आहे गं बायांनो आणि रे बाबांनो. बाजारातली सगळ्यात लहान फ्रेमही अनेकदा मोठीच पडते. कुणी शिकत असेल तर आमची मापं विसरू नका.

टाकणखार (कोल्हापूर)

निर्मळताई, तो "हलव" शब्द मी माझ्या पोरांना सांगणार.

आडवाट, एकेक घेतो. तुझी २५.४ × ०.८९ ची नळी दांडीला चालेल. जुन्या फ्रेमच्या दांडीचा व्यास हाच असायचा. जरा जड पडेल इतकंच. महाग नळ्या मध्ये पातळ आणि टोकांना जाड असतात, उदाहरणार्थ टोकाला ०.८ आणि मध्ये ०.५, म्हणजे जिथे उष्णता लागते तिथे पोलाद जास्त. सरळ भिंतीची नळी पहिल्या फ्रेमला उलट बरी, कुठूनही कापता येते. डाउनट्यूब (हेडट्यूबपासून खाली बॉटम ब्रॅकेटकडे येणारी) ३१.८ ची घे, तुझ्या उंचीला आणि पुढच्या बॅगेला २८.६ लवचीक वाटेल. सीट नळी २८.६ ची घेतलीस आणि तीही ०.८९ ची, तर आतला व्यास २६.८ येतो. ब्रेझिंगनंतर तोंड थोडं आकसतं, म्हणून २६.६ चा सीटपोस्ट धर किंवा रीमर मार. दुकानात सगळीकडे २७.२ चा सीटपोस्ट दिसतो, तो यात जाणार नाही. हे आधी ठरव, रंग दिल्यावर नको. हेडट्यूब, बॉटम ब्रॅकेटचं ६८ मिलिमीटरचं शेल आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) तयार विकत घे. शेलच्या चेनकडच्या बाजूला उलटा आटा असतो, नळी बसवताना शेल फिरवून बसवलंस तर सगळं पाण्यात.

चिमटा आत्ता करू नकोस. तयार स्टीलचा घे. मागची नळी तडकली तर कुरकुरून सांगते, चिमटा सांगत नाही. पण फ्रेमचं चित्र काढायच्या आधी तो हातात हवा, कारण त्याची ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची (दोन पाय वर जिथे जुळतात तिथवरची) उंची आणि रेक (हँडल फिरतं त्या रेषेपासून ॲक्सल किती पुढे ते अंतर) यावर पुढचं सगळं बसतं. समज हेडचा कोन ७२ अंश, रेक ४५, टायर ३२ चा. चाकाची त्रिज्या ३४३ धरली तर ट्रेल (ती रेषा जमिनीला लागते त्याच्या मागे टायर किती अंतरावर टेकतो ते) साधारण ६४ मिलिमीटर येतो. पुढे बॅग असेल तर काही जण ट्रेल कमी ठेवतात, पण पहिल्या फ्रेमला प्रयोग नको. चित्र एकास-एक मापाचं कागदावर काढ, भिंतीवर लाव, आणि त्यात टायर, मडगार्ड, तुझा बूट, सगळं काढून बघ.

जिगचं उत्तर तूच दिलंस. सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक आणि हाइट गेज असले की पहिल्या फ्रेमला जिग लागत नाही. शेलची एक बाजू मशीनवर फेस करून प्लेटवर घट्ट बांध आणि सीट नळी त्याला आधी जोड. मग नळीच्या वरच्या टोकाची उंची गेजने माप, शेलजवळच्या टोकाशी जुळली की नळी चाकाच्या पातळीत आहे. त्यानंतर हेडट्यूब आणि डाउनट्यूब वेगळी जोडून घे, मग ती शेलला, शेवटी दांडी. मागचा त्रिकोण सगळ्यात शेवटी, खऱ्या चाकावर, चाक मध्ये येतंय का बघत. प्रत्येक जोड आधी चार ठिकाणी टाके घालून धर, वर-खाली, मग डावी-उजवी. गार कर, माप, सरळ कर, मगच पूर्ण ब्रेझ. पूर्ण जोड झाल्यावर वाकवायला गेलास तर नळी वाकते, जोड नाही. आणि बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला आत ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायला विसरू नकोस. आतली हवा तापून वाट शोधते आणि तुझ्या ताज्या पितळातून फुगे काढत बाहेर येते.

आता कापलेल्या जोडात काय बघायचं, कारण नुसतं कापून उपयोग नाही. उभा काप घेतल्यावर कडा आधी कानशीने सपाट कर, मग बारीक एमरीवर पाणी घालून घास. लगचा जोड असेल तर लग आणि नळीच्या मध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड पिवळी रेघ हवी. मध्येच काळा ठिपका दिसला तर तिथे फ्लक्स अडकलाय, म्हणजे रॉड दोन बाजूंनी भरलास आणि मधल्याला निघायला वाट ठेवली नाहीस. रेघ अर्ध्यात संपली तर लांबची कड गार होती. फिलेटचा जोड असेल तर नळीच्या आतून बघ, नॉचच्या कडेने पितळाची बारीक वरंब सगळीकडून उगवलेली असली पाहिजे. पितळात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर जस्त उकळलंय, ज्योत मागे घे.

दुसरा अर्धा भाग शेगड्यात (व्हाइसमध्ये) धर आणि हातोडीने नळी मोड. नळी फाटली किंवा चेपली आणि जोड जागेवर राहिला तर उत्तम. जोड उकलून आला आणि खालचं पोलाद स्वच्छ राखाडी दिसलं, पितळाचा मागमूस नाही, तर रॉड तिथे चिकटलाच नव्हता. एक तर घासणं कमी पडलं किंवा नळी तापली नव्हती. नळीच्या खालच्या, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला हे सगळ्यात जास्त होतं, म्हणून कापताना मुद्दाम तीच बाजू निवड.

पहिले जोड झाले की दोन्ही अर्ध्यांचे फोटो इथे टाक. घासल्यावरचे, उन्हात काढलेले. कुठे काय झालंय ते मी आणि निर्मळताई मिळून सांगू.